म्हाताऱ्या उंदरांच्या मूत्रपिंडात वण येतात ते नेमके कसे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. विस्टार जातीच्या उंदरांवर आपण वीस महिने एक अभ्यास केला. एका गटाला, म्हणजे कंट्रोल गटाला, नेहमीचे खाद्य दिले आणि दुसऱ्या गटाला त्याच खाद्यात एका कडू वनस्पतीचा अर्क मिसळून दिला. अखेरीस कंट्रोल गटातल्या जवळजवळ सगळ्या नरांच्या मूत्रपिंडांत वण, म्हणजे फायब्रोसिस, आढळले. अर्क घेतलेल्या नरांत ते बरेच कमी होते. माद्यांत दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की वण वयामुळे आले आणि अर्काने मूत्रपिंडाचे रक्षण केले. परीक्षक विचारतात की वयामुळे म्हणजे नेमके कशामुळे. जाता जाता आपण हेही कळवले आहे की अर्क घेतलेल्या नरांचे वजन कंट्रोल गटापेक्षा सरासरी ६० ग्रॅमने कमी भरले. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या शेवटच्या वाक्यातच आहे. पण ते पटण्यासाठी वण कसा तयार होतो हे मुळापासून पाहावे लागेल.

एक खुलासा आधीच करतो. मराठीत रॅट आणि माउस या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, आणि त्यामुळे वाचणाऱ्याचा फार घोळ होतो. या उत्तरात उंदीर म्हणजे रॅट. माउसला मी माउसच म्हणेन.

शवविच्छेदनाच्या टेबलावरून सुरुवात करू. तीन महिन्यांच्या उंदराचे मूत्रपिंड तांबूस तपकिरी, गुळगुळीत आणि चकचकीत असते. वरचे पातळ आवरण चिमट्याने धरले की सहज सुटून येते. दोन वर्षांच्या नराचे मूत्रपिंड हातात घेतले की पहिल्यांदा रंग डोळ्यांत भरतो. ते फिकट, उकडलेल्या रताळ्यासारखे दिसते, पृष्ठभाग रवाळ असतो, त्यावर बारीक खळगे असतात आणि मधूनच टाचणीच्या डोक्याएवढे पाण्याचे फुगे दिसतात. आवरण काही ठिकाणी चिकटून बसलेले असते. उभे कापले तर बाहेरचा थर आणि आतला थर यांमधली रेघ पुसट झालेली असते. या रोगाला आमच्या क्षेत्रात क्रॉनिक प्रोग्रेसिव्ह नेफ्रोपॅथी म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात नुसते सीपीएन. दोन वर्षे पाळलेल्या उंदरांत तो इतका सर्रास आढळतो की त्याचा उल्लेख नसलेला अहवाल हाती आला तर मला आधी अहवाल लिहिणाऱ्याची शंका येते.

आता या रोगाविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो, कारण नेमकी तीच बहुतेक प्रबंधांत उलटी लिहिलेली असते. हा म्हातारपणी सुरू होणारा रोग नाही. म्हातारपणी तो डोळ्यांना दिसू लागतो, एवढेच. नराच्या मूत्रपिंडात त्याची पहिली खूण दोन-तीन महिन्यांच्या वयातही सापडू शकते, म्हणजे उंदीर नुकता वयात आलेला असतो तेव्हा. ती खूण फार लहान असते. बाहेरच्या थरात शेकडो निरोगी नलिकांच्या गर्दीत एखाद्याच मूत्रनलिकेचा छेद निळसर दिसतो, तिच्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, केंद्रके एकमेकांना खेटलेली असतात आणि नलिकेभोवतीचे आधारपटल, म्हणजे पेशी ज्यावर बसतात तो पातळ पडदा, किंचित जाड झालेले असते. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या नेहमीच्या स्लाइडवर घाईत ती नजरेतून निसटते. पीएएस रंगवणीत मात्र जाड झालेले आधारपटल गुलाबी दोऱ्यासारखे उठून दिसते. या टप्प्यावर वण मुळीच नसतो. तंतू नाहीत, आकसलेपण नाही. एक नलिका दुखावली आहे आणि तिच्या पेशी नव्याने वाढून ती दुरुस्त करू पाहत आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

सहा महिन्यांच्या सुमारास अशा नलिकांचे लहान लहान पुंजके दिसू लागतात. वर्षभराच्या नरात मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, फुगलेल्या नलिकांमध्ये, काचेसारखे गुलाबी प्रथिनाचे साचे दिसतात. आम्ही त्यांना हायलाइन कास्ट म्हणतो. पुढे त्यांची संख्या इतकी वाढते की स्लाइड पाहणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याला क्षणभर थायरॉइडची स्लाइड चुकून लावली की काय असे वाटते. त्याच सुमारास ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ, बदलू लागतात. गुच्छाचा मधला आधार जाड होतो, एखादी पाकळी बाहेरच्या आवरणाला चिकटते, मग ती पाकळी घट्ट होऊन बंद पडते आणि शेवटी संपूर्ण गुच्छाचा गोळा होतो. नलिकांमधल्या मोकळ्या जागेत पांढऱ्या पेशी जमतात. या सगळ्यानंतर, सर्वांत शेवटी, त्या जागेत कोलॅजनचे तंतू ठळकपणे साठतात आणि खरा वण तयार होतो. त्या अर्थाने वण हा या गोष्टीचा शेवटचा अध्याय आहे, आणि परीक्षकांना उत्तर देताना आपण तो पहिला म्हणून वाचत आहात.

आणखी एक बारकावा आहे. माणसाच्या जुनाट मूत्रपिंड विकारात नलिका आकसून नाहीशा होतात आणि त्यांची जागा तंतू घेतात. उंदराच्या सीपीएनमध्ये नलिकांच्या पेशी अखेरपर्यंत विभाजित होत राहतात. झीज आणि भर या दोन्ही क्रिया शेजारीशेजारी चालतात. त्यामुळे रोग खूप पुढे गेलेला असूनही तंतूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी दिसू शकते. केवळ कोलॅजन मोजून रोगाची तीव्रता ठरवणारा इथे फसतो.

गुच्छ आधी बिघडतो की नलिका, यावर जुना वाद आहे. सूक्ष्मदर्शकाखाली नलिका आधी बदललेली दिसते हे खरे. पण मूत्र तपासले तर अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन हळूहळू वाढताना दिसते, आणि अल्ब्युमिन गळते ते गुच्छातूनच. मला स्वतःला हा वाद थोडासा कृत्रिम वाटतो, कारण गुच्छ आणि त्याची नलिका मिळून एकच नेफ्रॉन होतो आणि तो एकत्रच आजारी पडतो. उंदराच्या एका मूत्रपिंडात असे नेफ्रॉन साधारण ३०,००० असतात. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांची संख्या ठरून जाते आणि पुढे नवा नेफ्रॉन तयार होत नाही. एक गेला की त्याचे काम उरलेल्यांच्या डोक्यावर पडते.

हे ओझे गुच्छातल्या एका विशिष्ट पेशीला फार जाचते. तिचे नाव पोडोसाइट. गुच्छाच्या केशवाहिन्यांवर ही पेशी आपले पाय पसरून बसलेली असते आणि गाळणीचा शेवटचा पडदा तिच्यामुळे टिकतो. पोडोसाइट जवळजवळ विभाजित होत नाही. आता असा नर डोळ्यांपुढे आणा ज्याच्या पिंजऱ्यात रात्रंदिवस खाद्य भरलेले आहे, जो वाढतच जातो आणि ज्याचे गुच्छही शरीराबरोबर मोठे होत जातात. पोडोसाइटची संख्या तेवढीच राहते आणि झाकायचे क्षेत्र वाढते. पेशी ताणून मोठी होते, काही काळ सांभाळते, मग तिचा एखादा पाय सुटतो आणि शेवटी ती स्वतःच निखळून मूत्रात वाहून जाते. उघडे पडलेले आधारपटल समोरच्या भिंतीला चिकटते, आणि तिथूनच ती पाकळी बंद पडायला सुरुवात होते. मिशिगन विद्यापीठात जॉस्लिन विगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये फिशर ३४४ उंदरांवर हेच दाखवले. मनसोक्त खाणाऱ्या उंदरांत वयाबरोबर पोडोसाइट मोठे होत गेले, काही निकामी झाले आणि गुच्छ कडक झाले. कमी उष्मांक दिलेल्या उंदरांत हे टळले.

गळालेले प्रथिन पुढे नलिकेत येते. ते परत शोषून घेणे हे नलिकेच्या पेशींचे नेहमीचेच काम आहे, पण त्याला मर्यादा असते. ओझे मर्यादेबाहेर गेले की या पेशी आजूबाजूला संकटाचे रासायनिक संदेश सोडतात. त्यांना ओळखून रक्तातल्या पांढऱ्या पेशी जमा होतात. शोषले न गेलेले प्रथिन पुढे साचून कास्ट बनते, नलिका तुंबते आणि फुगते, तिच्यामागचा गुच्छ निकामी होतो आणि उरलेल्या नेफ्रॉनवर आणखी भार येतो. चक्र इथे पूर्ण होते आणि त्यानंतर त्याला बाहेरच्या कारणाची गरज उरत नाही. क्रॉनिक आणि प्रोग्रेसिव्ह ही दोन्ही विशेषणे या रोगाने अशी कमावलेली आहेत.

प्रत्यक्ष तंतू कोण विणते, हा स्वतंत्र प्रश्न आहे. नलिकांच्या मधल्या जागेत, केशवाहिन्यांना बिलगून, पेरिसाइट आणि फायब्रोब्लास्ट जातीच्या पेशी असतात. टीजीएफ-बीटा आणि त्यासारखे संदेश पोचले की त्यांचे रूपांतर मायोफायब्रोब्लास्टमध्ये होते; या पेशी अल्फा-एसएमए हे स्नायूंतले प्रथिन दाखवतात, पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारचे कोलॅजन ओततात आणि भोवतालचा भाग आखडून घेतात. पूर्वी असे मानले जात होते की नलिकेच्याच पेशी रूप बदलून तंतू बनवू लागतात. २००२ मध्ये माउसवरील एका गाजलेल्या प्रयोगाने त्या मताला मोठा जोर दिला होता. २०१० मध्ये बेंजामिन हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी पेशींवर जनुकीय खूण करून त्यांचा माग काढला, तेव्हा तंतू विणणाऱ्या पेशी नलिकेतून आलेल्या दिसल्या नाहीत, त्या पेरिसाइटच्या कुळातल्या निघाल्या. आज बहुतेकांचा कल या दुसऱ्या बाजूला आहे. नलिकेची पेशी स्वतः तंतू विणत नाही, ती हुकूम सोडते. त्याच वर्षी जोसेफ बॉनव्हेंटर यांच्या प्रयोगशाळेतून असेही पुढे आले की दुखावलेल्या नलिकेच्या पेशी विभाजनाच्या ऐन उंबरठ्यावर, जी-दोन आणि एम या अवस्थांच्या मधे, अडकून पडल्या की त्या तंतू वाढवणारे संदेश अधिक प्रमाणात सोडतात.

इथे मला एक सावधगिरी सांगावीशी वाटते. वरच्या परिच्छेदातले बहुतेक ज्ञान तरुण माउसची मूत्रवाहिनी बांधून किंवा त्याच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तोडून मिळवलेले आहे. त्यात वण एक-दोन आठवड्यांत तयार होतो. आपल्या उंदराच्या मूत्रपिंडात तो दीड-दोन वर्षांत तयार झाला आहे. हत्यारे तीच असली तरी कामाची गती वेगळी असते, आणि संथ गतीत आणखी दोन गोष्टी निर्णायक ठरतात.

पहिली गोष्ट म्हणजे नलिकांभोवतीच्या केशवाहिन्या विरळ होत जाणे. स्प्रेग-डॉली जातीच्या वृद्ध उंदरांत २००१ मध्ये असे दाखवले गेले की केशवाहिन्यांचे जाळे विरळ होते, त्यांना जगवणारा व्हीईजीएफ हा घटक घटतो आणि त्यांना मारक ठरणारा थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ वाढतो. जिथे केशवाहिन्या कमी तिथे तंतू जास्त, असा मेळही दिसला. प्राणवायू कमी मिळालेली नलिका पुन्हा संकटाचे संदेश सोडते. दुसरी गोष्ट म्हणजे साफसफाई मंदावणे. निरोगी मूत्रपिंडातही कोलॅजन रोज थोडे बनते आणि रोज थोडे विरघळते. वयाबरोबर ते विरघळवणारी यंत्रणा पीएआय-१ सारख्या रोधकांमुळे जखडली जाते, साखरेच्या रेणूंनी जोडले गेलेले जुने कोलॅजन अधिक चिवट होते, आणि पी-१६ या खुणेने ओळखल्या जाणाऱ्या, विभाजन थांबवलेल्या म्हाताऱ्या पेशी साचत जातात. एखादे घर दररोज झाडले जात नसेल तर ते घाण होण्यासाठी कोणी मुद्दाम कचरा टाकावा लागत नाही.

या साफसफाईच्या मुद्द्याला एक चांगला पुरावा आहे. २००० साली व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या ॲग्नेस फोगो यांच्या गटाने अठरा महिन्यांच्या उंदरांना, म्हणजे वण आधीच आलेल्या प्राण्यांना, लोसार्टन हे रक्तदाबाचे औषध दिले आणि सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा काही गुच्छांतले कडकपण कमी झालेले होते. पीएआय-१ सुद्धा घटलेले होते. वण एकदा आला की कायमचा, हे विधान निदान उंदराच्या गुच्छापुरते सरसकट खरे नाही.

आता आपल्या परीक्षकांच्या प्रश्नाकडे येतो. वय हे कारण असते तर एकाच वयाच्या सगळ्या उंदरांत वण सारखेच दिसले असते. ते तसे दिसत नाहीत, आणि फरक कुठे कुठे पडतो ते पाहिले की खरी कारणे समोर येतात.

जातीपासून सुरुवात करू. फिशर ३४४ आणि स्प्रेग-डॉली यांच्यात रोग जोरात असतो, विस्टारमध्ये सहसा काहीसा कमी, आणि ब्राउन नॉर्वे जातीचे उंदीर बराच काळ जगूनही त्यातून पुष्कळ अंशी वाचतात. फिशर ३४४ या नावाची कथा गमतीची आहे. १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठात मेनी कर्टिस यांनी फिशर नावाच्या विक्रेत्याकडून आणलेल्या उंदरांमधला ३४४ क्रमांकाचा भाऊ-बहिणीचा जोड टिकला, आणि त्याच्या संततीवर पुढे जगभरच्या कर्करोग चाचण्या उभ्या राहिल्या. म्हणजे उंदराच्या म्हातारपणाविषयी आपण जे सर्वसामान्य सत्य म्हणून वाचतो, त्यातला बराच भाग एका जोडप्याच्या वंशावळीचा आहे.

त्यानंतर लिंग. नरांत रोग लवकर सुरू होतो आणि वेगाने वाढतो. माद्यांत तो काही महिने मागे असतो. १९९४ मध्ये क्रिस बेलिस यांनी म्युनिक विस्टार उंदरांवर केलेल्या कामात खच्ची केलेले नर बरेच सुरक्षित राहिले, आणि अंडाशय काढलेल्या माद्याही सुरक्षित राहिल्या. म्हणजे माद्यांना स्त्रीसंप्रेरके वाचवतात असे म्हणण्यापेक्षा नरांना पुरुषसंप्रेरके भोवतात असे म्हणणे अधिक योग्य. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: गुच्छातला रक्तदाब वाढलेला नसतानाही गुच्छ बिघडले. बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेला सिद्धांत असा होता की सतत प्रथिनयुक्त आहार मिळाल्याने गुच्छांतला दाब आणि प्रवाह वाढतो आणि त्यामुळे ते झिजतात. तो सिद्धांत फार प्रभावी ठरला, शस्त्रक्रियेने मूत्रपिंडाचा मोठा भाग काढलेल्या उंदरांत तो चांगला लागूही पडतो. पण वृद्ध उंदराच्या बाबतीत केवळ दाबावर सगळी मदार ठेवता येत नाही, असे मला वाटते. आपल्या माद्यांत फरक न दिसण्याचे कारणही साधे आहे. वीस महिन्यांच्या विस्टार मादीत कमी करण्याजोगा रोगच फारसा नसतो.

आणि आता आहार, जिथे आपला अभ्यास अडकलेला आहे. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना कमी खायला देऊन त्यांचे आयुष्य वाढवून दाखवले. त्यानंतर ज्याने ज्याने उंदराचा आहार मर्यादित केला, त्याला मूत्रपिंड अधिक चांगले राहिलेले दिसले. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो इथे एडवर्ड मसोरो यांच्या गटाने फिशर ३४४ नरांवर वर्षानुवर्षे काम केले. उष्मांक सुमारे ४० टक्क्यांनी घटवले तर मूत्रपिंडाचा रोग अगदीच मागे पडला. पुढे १९८८ मध्ये त्यांनी उष्मांक न घटवता आहारातले दुधाचे प्रथिन, म्हणजे केसीन, काढून त्याजागी सोयाबीनचे प्रथिन दिले, तर तेवढ्यानेही रोग लक्षणीय कमी झाला. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने १९९०च्या दशकात आपले जुने, सुमारे २३ टक्के प्रथिनाचे खाद्य बदलून सुमारे १४.५ टक्के प्रथिनाचे नवे खाद्य आणले, त्यामागे हा रोग आटोक्यात ठेवणे हा एक उघड हेतू होता. औषध कंपन्यांतही त्याच दशकात केव्हिन कीनन यांनी स्प्रेग-डॉली उंदरांवर दाखवून दिले की खाद्य मोजून दिले तर गुच्छांची सुरुवातीची वाढच रोखली जाते आणि पुढचे सगळे लांबणीवर पडते.

म्हणून परीक्षकांना असे लिहावे: वय म्हणजे या चक्राला फिरायला मिळालेला वेळ; चक्राला धक्का देतात ती जात, नराची संप्रेरके आणि भरलेले खाद्यपात्र. दोन वर्षे मनसोक्त खाणारा, एकट्याने पिंजऱ्यात बसून राहणारा नर हा म्हाताऱ्या उंदराचा नमुना आहेच, पण त्याहून अधिक तो स्थूल उंदराचा नमुना आहे.

यावरून आपल्या ६० ग्रॅमकडे पाहा. कडू अर्क खाद्यात मिसळला होता. उंदराला कडू चव कळते आणि तो अशा खाद्याला तोंड कमी लावतो. पात्राखाली भुगा सांडलेला दिसतो, त्यामुळे खाद्य संपल्यासारखे वाटते पण पोटात गेलेले नसते. आपण पात्राचे वजन केले असेल तर सांडलेला भुगा वजा केला होता का, हे वहीत पाहावे. अर्क घेतलेल्या नरांनी जर पहिल्या महिन्यापासून दहा-पंधरा टक्के कमी खाल्ले असेल, तर वण कमी दिसण्यासाठी अर्कात कोणताही औषधी गुण असण्याची गरज नाही. अर्कात गुण नाही, असे मी म्हणत नाही. आपल्या अभ्यासाच्या रचनेतून तो सिद्ध होत नाही, एवढेच म्हणतो.

स्लाइडकडे परत जाताना काही गोष्टी तपासून घ्याव्यात. तंतू मोजण्यासाठी पिक्रोसिरियस रेड वापरून ध्रुवित प्रकाशात पाहावे आणि त्याच ब्लॉकचा पीएएस छेद शेजारी ठेवून सुरुवातीच्या नलिका मोजाव्यात, कारण अर्काचा खरा परिणाम असेलच तर तो आधी तिथे दिसायला हवा. डावे मूत्रपिंड उभे आणि उजवे आडवे कापण्याची पद्धत सगळ्या प्राण्यांत एकच पाळली गेली आहे का ते पाहावे. उभ्या छेदात आतला भाग जास्त येतो आणि कास्टही जास्त दिसतात. रोगाच्या तीव्रतेची श्रेणी देताना गटाचे नाव झाकून ठेवावे. हे मी अनुभवाने सांगतो. सुरुवातीच्या काळात एका अभ्यासात मी कंट्रोलच्या स्लाइड सकाळी वाचल्या आणि मोठ्या मात्रेच्या संध्याकाळी, आणि दोन गटांत एका श्रेणीचा फरक नोंदवून मोकळा झालो. वरिष्ठांनी लेबलांवर चिकटपट्टी लावून, पेटी पिसून, त्याच स्लाइड मला पुन्हा वाचायला दिल्या. फरक निम्म्यावर आला. दिवसभरात माझीच नजर सरकली होती.

मधल्या काळात मेलेले प्राणीही मोजायला हवेत. ज्या नरांचे मूत्रपिंड सर्वांत वाईट होते ते सतराव्या-अठराव्या महिन्यातच गेले असतील, तर विसाव्या महिन्याचा छेद वाचलेल्यांचा आहे, गटाचा नव्हे. अशा प्राण्यांत पॅराथायरॉइड ग्रंथी मोठ्या झालेल्या, आणि जठराच्या भिंतीत किंवा महारोहिणीत चुना साठलेला सापडतो. शवविच्छेदनाच्या नोंदीत हे असेल तर मूत्रपिंड निकामी झाल्याचा तो भक्कम पुरावा आहे. रक्तातल्या क्रिएटिनिनवर फार विसंबू नये, ते फार उशिरा वाढते. मूत्रातले प्रथिन लवकर वाढते, पण नराच्या बाबतीत एक खोच आहे. तरुण नराच्या यकृतात अल्फा-टू-यू-ग्लोब्युलिन नावाचे प्रथिन बनते आणि ते मूत्रात नैसर्गिकरीत्याच येते, त्यामुळे पट्टीची चाचणी निरोगी नरातही प्रथिन दाखवते. अल्ब्युमिन वेगळे मोजणे हाच उपाय. हे प्रथिन आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे: संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनसारखी काही द्रव्ये त्याला चिकटून नराच्या नलिकांत थेंबांच्या रूपाने साचतात आणि नलिकांना इजा करतात. माणसात हे घडत नाही, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९१ मध्ये तसा निर्वाळा दिलेला आहे. आपल्या अर्कात सुगंधी तेले असतील तर हे थेंब शोधून पाहावेत.

प्रत्येक खळगा सीपीएनचा नसतो, हेही जाता जाता सांगतो. पाचरीसारखा एकच वण असेल तर रक्तवाहिनी बंद पडल्याचा संशय घ्यावा. वण आतल्या पोकळीपासून बाहेर पसरत आला असेल आणि एकाच बाजूला असेल तर जंतुसंसर्गाचा. सीपीएन दोन्ही बाजूंना सारखा असतो. सशाच्या मूत्रपिंडावर खळगे दिसले तर वयाचे नाव घेण्याआधी एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या परजीवीचा विचार करावा. माउसची गोष्ट निराळी आहे: सी५७ ब्लॅक ६ माउस म्हातारा झाला तरी त्याच्यात वण सौम्य राहतात आणि पांढऱ्या पेशींचे पुंजके अधिक दिसतात, तर सीडी-१ माउसच्या गुच्छांत जमलेला गुलाबी पदार्थ पुष्कळदा कोलॅजन नसून अमायलॉइड हे निराळेच प्रथिन निघतो; काँगो रेडने रंगवल्याशिवाय तो वण म्हणून लिहू नये.

शेवटी, प्रबंधाच्या चर्चेत आपण माणसाच्या वार्धक्याचा उल्लेख केला आहे, तो जपून करावा. मेयो क्लिनिकने २०१० मध्ये १,२०३ जिवंत मूत्रपिंडदात्यांच्या ऊतीचे नमुने तपासले, तेव्हा वयाशी निगडित नेफ्रोस्क्लेरोसिस, म्हणजे मूत्रपिंड कडक होऊन वण येणे, १८ ते २९ वर्षांच्या दात्यांत २.७ टक्के आणि ७० ते ७७ वर्षांच्या दात्यांत ७३ टक्के आढळला. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडातही वयाबरोबर वण येतात, हे यावरून स्पष्ट आहे. पण माणसात लहान रोहिण्यांच्या भिंती जाड होणे हा त्या चित्राचा ठळक भाग असतो, आणि उंदराच्या सीपीएनमध्ये रोहिण्या बहुधा साध्याच राहतात. उलट उंदरात दिसणारी नलिकांची अखंड पुनर्निर्मिती आणि कास्टची गर्दी माणसात त्या प्रमाणात नसते. पोडोसाइटचा ताण, केशवाहिन्यांची विरळता आणि मंदावलेली साफसफाई, एवढे तीन धागे दोघांत समान धरता येतील.

पुढचा प्रयोग करणार असाल तर तिसरा गट ठेवा: साधेच खाद्य, पण अर्क घेणारा उंदीर आदल्या दिवशी जेवढे खाईल तेवढेच मोजून दिलेले. किंवा अर्क खाद्यात न मिसळता नळीने थेट जठरात द्या. नवा प्रयोग शक्य नसेल, तर हाताशी असलेल्या नरांचीच बारा महिन्यांची वजने काढा आणि कंट्रोल गटातल्या हलक्या आणि जड नरांच्या श्रेणी वेगवेगळ्या लावून पाहा. अर्काचा थेंबही न घेतलेल्या हलक्या नरांत वण कमी निघाले, तर परीक्षकांना पाठवायचे उत्तर आपल्याला त्या तक्त्यातच मिळेल.